साडेसातचं ऑफिस, आठची शाळा

२ मे २०२३, मंगळवार. त्या दिवशी पंजाब सरकारची कार्यालयं सकाळी साडेसातला उघडली आणि दुपारी दोनला बंद झाली. मुख्यमंत्री भगवंत मान स्वतः साडेसातला चंदीगडच्या सचिवालयात हजर होते. त्याआधी ८ एप्रिलला त्यांनी हा बदल जाहीर केला होता, तेव्हा तो अनेकांना थट्टेचा वाटला. सरकारी कर्मचारी आणि साडेसात? पण हुकूम निघाला होता आणि तो १५ जुलैपर्यंत टिकला. अडीच महिने पंजाबातला सरकारी दिवस दीड तास आधी सुरू होत होता.

हा हुकूम कुठं सर्वांत जवळून जाणवला असेल तर मोहालीत. कागदोपत्री या शहराचं नाव साहिबजादा अजितसिंग नगर. चंदीगडला इतकं चिकटलेलं की एक रस्ता ओलांडला की केंद्रशासित प्रदेश संपतो आणि पंजाब सुरू होतो. १९६६ मध्ये पंजाबची फेररचना झाली, चंदीगड ही पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी झाली आणि स्वतः मात्र केंद्राच्या ताब्यात गेली. पंजाबची बरीच कार्यालयं मग मोहालीत उभी राहिली : शालेय शिक्षण मंडळ, पुडा भवन, विकास भवन, वन भवन, मंडी भवन. त्यांच्या आसपास, ‘फेज’ आणि ‘सेक्टर’ असे दुहेरी पत्ते असलेल्या वस्त्यांत, या कार्यालयांत काम करणारी माणसं राहतात. ज्यांना मोहालीतलं भाडं परवडत नाही ती खरड, झिरकपूर, डेराबस्सीहून येतात. काही रोपडहून, काही थेट पतियाळ्याहून.

एवढ्या लवकर कार्यालय उघडायचं कारण वीज. पंजाबात जूनमध्ये भाताची लावणी सुरू होते, हजारो कृषिपंप एकदम चालू होतात आणि शहरांत वातानुकूलन यंत्रं घरघरत असतात. मान यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं, की विजेचा सर्वाधिक भार दुपारी दीडनंतर पाचपर्यंत असतो. दोन वाजता सरकारी कार्यालयांतले पंखे, दिवे आणि एसी बंद केले तर ३०० ते ३५० मेगावॅट भार कमी होईल. त्या उन्हाळ्यात पंजाबची कमाल मागणी १५ हजार मेगावॅटच्या वर गेली. म्हणजे सरकारी अंदाज जसाच्या तसा मान्य केला, तरी हा सगळा खटाटोप सुमारे दोन टक्क्यांसाठी होता. ऐन लावणीच्या दिवसांत दोन टक्केही मोलाचे असतात, हे खरंच. पण दुसरा फायदा जास्त आवडीनं सांगितला गेला : लोकांची कामं उन्हाआधी होतील आणि कर्मचाऱ्यांना दुपार घरच्यांसोबत घालवता येईल.

या सगळ्यात सकाळ कुणी मोजली नव्हती.

ती आपण मोजून पाहू. फेज १० मधलं एक घर कल्पनेनं घ्या. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे. ती पंजाब सरकारच्या नोकरीत, कार्यालय चंदीगडच्या सेक्टर १ मध्ये, सचिवालयात. तो पंचकुल्यात, हरियाणा सरकारकडे. मुलगा चौथीत. चंदीगड-मोहाली-पंचकुल्याच्या ‘ट्रायसिटी’त असं घर अजिबात दुर्मीळ नाही. एका नगरसमूहात तीन सरकारं नांदतात, तेव्हा एका घरात दोन सरकारांचे नोकर असणारच. एप्रिलपर्यंत या घराचं गणित सोपं होतं. मुलाची शाळा आठला, दोघांची कार्यालयं नऊला. मुलाला सोडून, घरी येऊन, चहा पिऊन निघता येत होतं.

२ मेपासून बाहेर पडण्याच्या वेळा तीन झाल्या. साडेसातला खुर्चीत बसायचं तर तिनं सातच्या आत घर सोडायला हवं. मुलगा साडेसातनंतर निघणार, नवरा सव्वाआठच्या सुमाराला. स्वयंपाकघर सव्वापाचला उघडतं आणि आठपर्यंत बंद होत नाही. मुलाला उठवणं, आंघोळ, दूध, दप्तर, बुटांची लेस हे सगळं आजवर जिच्याकडे होतं तीच आता घरात नाही. मग दोनच वाटा उरतात. एक, बापानं ते शिकून घ्यायचं. दुसरी, तिनं सातपर्यंत मुलाचंही आवरून ठेवायचं, म्हणजे मुलालाही पावणेसहाला उठवायचं. कोणत्या घरात कोणती वाट निवडली गेली असेल ते वाचकांनीच ठरवावं. सरकारी हुकुमात त्याचा रकाना नसतो.

रकाना नसतो, पण आकडे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. दोन्ही आकडे नऊ-दहा मिनिटांनी घटले, मधलं अंतर जिथल्या तिथं राहिलं. त्यातही एक मेख आहे. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची. २०१९ मध्ये दर चार पुरुषांतला जेमतेम एक त्यात मोडत होता. बाकीचे तिघे या हिशेबात आलेच नाहीत.

तरीही साडेसातच्या त्या ऑफिसानं एक गोष्ट सहज साधली होती आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. डबा सुटला. दोनला सुट्टी म्हणजे अडीच-तीनला घरी, म्हणजे जेवण घरी. सकाळच्या घाईतला सर्वांत मोठा वाटा डब्याचा असतो. पंजाबी घरात पराठे, आपल्याकडे पोळीभाजी. भाजी रात्री चिरून ठेवता येते, कुकर आपला आपण शिजतो, पण पोळ्यांपाशी एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं तव्यासमोर उभं राहावंच लागतं. त्या वेळात दुसरं काहीही होत नाही. सकाळच्या साखळीतली सर्वांत अरुंद जागा ती हीच. तेवढी गेली की उरलेली सकाळ बरीच सुसह्य होते. पण दुपारी तीन वाजता, बेचाळीस अंश तापमानात, तीच बाई गॅससमोर उभी राहिली असेल तर पहाटेची घाई फक्त दुपारवर सरकली.

पंजाबच्या या प्रयोगावरचं माझं मत इथंच सांगून टाकतो. घाई नाहीशी करणं अवघड असतं, ती ढकलणं सोपं. वेळापत्रक बदलणारा प्रत्येक हुकूम ती कुणाकडून तरी उचलतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकतो. हुकूम चांगला की वाईट हे ठरवायचं तर ती कुणाच्या अंगावर पडली ते बघावं.

पण पंजाबला श्रेयही द्यायला हवं, कारण सकाळ ऋतूप्रमाणे हलवायची असते हे त्या राज्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. याचं कारण भूगोलात आहे. मोहाली साधारण ३०.७ अंश उत्तर अक्षांशावर. जूनच्या आरंभी तिथं सूर्य पाच-वीसच्या सुमाराला उगवतो आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सात-वीसच्या सुमाराला. दोन तासांचा फरक! मुंबईत हा फरक सव्वा तासाच्या आसपास : जूनमध्ये सहा, जानेवारीत सव्वासात. मे महिन्यातलं साडेसात मोहालीत म्हणजे सूर्योदयानंतरचे दोन तास. पाचला उठणाऱ्यालाही आकाश उजळलेलं दिसतं. जानेवारीतलं साडेसात म्हणजे सूर्य नुकता उगवलेला, तोही दिसला तर. कारण त्या दिवसांत धुकं असतं. स्थानिक लोक त्याला ‘धुंद’ म्हणतात. आठवडेच्या आठवडे सूर्य पांढऱ्या ठिपक्यासारखा, तापमान पाच-सहा अंशांवर, आणि स्कूटरवर मागं बसलेल्या मुलाचे फक्त डोळे उघडे.

म्हणून पंजाबच्या सरकारी शाळा वर्षभर एका वेळेला भरत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर सकाळी आठ. ऑक्टोबरमध्ये साडेआठ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नऊ. मार्चमध्ये पुन्हा साडेआठ. हे वेळापत्रक तिथं इतकं सवयीचं आहे की त्यावर लेख वगैरे कुणी लिहीत नाही. शिवाय गरज पडली तर त्यावर आणखी सूट मिळते. डिसेंबर २०२२ मध्ये धुक्यामुळे अपघात वाढू लागले, तेव्हा २१ डिसेंबर ते २१ जानेवारी सगळ्या शाळा दहाला उघडतील असं सरकारनं जाहीर केलं. म्हणजे पाचच महिन्यांच्या अंतरात एकाच सरकारनं शाळा दहावर नेल्या आणि कार्यालयं साडेसातवर आणली. हे धरसोडीचं वाटेल, पण दोन्ही निर्णय सूर्याकडे बघून घेतलेले होते. चूक असलीच तर ती शाळेची वेळ आणि कार्यालयाची वेळ वेगवेगळ्या टेबलांवर ठरली, ही. मे महिन्यात शाळा आठलाच राहिली आणि कार्यालय तिच्या पुढं गेलं. निदान अर्धा तास तरी शाळा आधी असती तर आपल्या त्या कल्पनेतल्या घरातली निम्मी ओढाताण वाचली असती. जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली तेव्हा हा प्रश्न महिनाभर मिटला, आणि त्याच महिन्यात या प्रयोगाचं जास्त कौतुक व्हावं यात नवल नाही.

घड्याळ आणि सूर्य यांच्यातल्या या भांडणात मराठी माणसानं फार पूर्वी भाग घेतला आहे.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्यांमध्ये रविवारची सुट्टी होती, ती सगळ्यांना ठाऊक आहे. १० जून १८९० ला ती मिळाली. पण तिच्या शेजारची मागणी आपण विसरलो. गिरणी सकाळी साडेसहाला सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला थांबावी, मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असं त्या निवेदनात मागितलेलं होतं. तेव्हा गिरण्या उजेडाच्या हिशेबानं चालत. तांबडं फुटलं की काम सुरू, दिसेनासं झालं की बंद. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच-सहाला दारात हजर राहायचं, तर चाळीत उठायचं किती वाजता? लोखंड्यांनी सुरुवातीचा क्षण घड्याळावर नेमका करून मागितला. कामाचे तास मोजण्याच्या आधी पहाट मोजली, हे मला विशेष वाटतं.

पुढं याच्या उलट प्रकार झाला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि मुंबईतलं घड्याळ स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढं गेलं. गिरणीचा भोंगा नव्या वेळेनं सहाला वाजला, तर सूर्याच्या हिशेबानं ते पाच-एकवीस. न मागता रोज ३९ मिनिटं लवकर उठावं लागणार होतं. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी याविरुद्ध दंगा केला. महापालिकेनं १९०६ मध्येच ठराव करून आपली घड्याळं जुन्या ‘बॉम्बे टाइम’वर ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतरपर्यंत. इतिहासात हे सहसा इंग्रजांना दाखवलेला हट्टीपणा म्हणून गमतीनं सांगितलं जातं. गिरणगावच्या बाजूनं पाहिलं तर तो सकाळच्या झोपेचा प्रश्न होता.

प्रमाणवेळेची रेषा ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, मिर्झापूरजवळून जाते. तिच्या पश्चिमेला जितकं जाल तितका सूर्य घड्याळाच्या मागं. मोहाली २३ मिनिटं मागं, मुंबई ३९. एकट्या महाराष्ट्रात गडचिरोली आणि मुंबई यांच्यात जवळपास अर्ध्या तासाचा फरक आहे, आणि दोन्हीकडे शाळेची घंटा मात्र एकाच घड्याळावर. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या आकडेवारीवरून याचा परिणाम शोधला. जिथं सूर्य तासभर उशिरा मावळतो तिथली मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात. कारण उघड आहे. संध्याकाळ लांबते तशी झोपायची वेळ लांबते, पण शाळेची वेळ कुणासाठी थांबत नाही. झोपेचं एक टोक सूर्याला बांधलेलं आणि दुसरं घंटेला.

आता मुंबईतल्या सात वाजताच्या शाळेकडे बघा. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या आसपास. म्हणजे मूल वर्गात बसून हजेरी देतं तेव्हा सूर्य उगवलेलाच नसतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांनी नऊ ते बारा तास झोपावं, अशी झोपविषयक तज्ज्ञांची शिफारस आहे. साडेपाचला उठणाऱ्या मुलानं किमान नऊ तास झोपायचं म्हटलं तरी साडेआठला गादीवर हवं. ज्या घरात बाबाच साडेआठला लोकलमधून उतरतात, त्या घरात हे कसं जमायचं?

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीर कार्यक्रमात हाच मुद्दा काढला, की मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला. ८ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं शासन निर्णय काढला : पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय उत्तम. पण निघाल्याबरोबर ढकलाढकल सुरू झाली. स्कूल बसवाले म्हणाले, नऊ म्हणजे ऐन ऑफिसची गर्दी. तेवढ्याच वेळात फेऱ्या कमी होतील, भाडं वाढवावं लागेल. दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळांची अडचण आणखी खरी होती. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक, वर्गखोल्या त्याच. सकाळचे नऊला आले तर दुपारचे कुठं बसणार? आणि आई-बाबा दोघेही आठला घर सोडत असतील तर मूल नऊपर्यंत कुणाजवळ? या प्रश्नाचं उत्तर आजी असतं, ती नसली तर पाळणाघर. त्याचा खर्च शासन निर्णयात येत नाही.

इथं पंजाब आणि महाराष्ट्र एकमेकांसमोर ठेवून बघण्यासारखे आहेत. पंजाबनं मोठ्यांना लवकर बोलावलं आणि मुलांची वेळ तशीच ठेवली. महाराष्ट्रानं मुलांना उशिरा बोलावलं आणि मोठ्यांची वेळ तशीच ठेवली. दोन्हीकडे हिशेबाची एकच बाजू मांडली गेली. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्याच्या बदल्यात रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शनिवार मोकळा झाला तो आठवड्यातल्या बाकीच्या पाच दिवसांचे तास वाढवून. तो सौदा कर्मचाऱ्यांना आवडला, आणि मलाही तो वाईट वाटत नाही. निदान आठवड्यातल्या एका सकाळची घाई त्यानं खरोखर संपवली.

घाई न ढकलता खरोखर कमी करणाऱ्या योजना फार थोड्या. त्यांतली सर्वांत जुनी आणि सर्वांत यशस्वी योजना कोणत्याही सरकारची नाही. ती मुंबईच्या डबेवाल्यांची आहे. १८९० च्या सुमाराला महादेव हावजी बच्चे यांनी ती सुरू केली. तिचं कौतुक नेहमी अचूकपणासाठी, रंगीत खुणांसाठी होतं. मला तिचं मर्म वेगळं वाटतं. तिनं माणसाची निघण्याची वेळ आणि डब्याची निघण्याची वेळ यांची गाठ सोडली. नोकरदार साडेसातच्या गाडीनं गेला तरी डबा नऊच्या आसपास निघतो आणि साडेबाराला टेबलावर येतो. त्या दीड-दोन तासांत गृहिणीला श्वास मिळतो. अट एकच : घरात कुणी तरी मागं उरलेलं हवं. दोघंही साडेसातला निघणाऱ्या घराला डबेवाला काय देणार? तिथं पोळीभाजी केंद्र येतं, आणि त्या केंद्रात पहाटे चारला कणीक मळणारी बाई येते. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायांनी तेच केलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांच्यासाठीच. शेकडो कामगारांची सकाळ निवांत होती ती त्यांच्या पहाटेच्या जिवावर. पैसे मिळत होते, हा मोठाच फरक. पण पहाट कुणाची तरी गेलीच.

मोहालीच्या औद्योगिक वसाहतीत, फेज ८-बी आणि आयटी सिटीच्या काचेच्या इमारतींमध्ये, आज आणखी एक प्रकार दिसतो. तिथं कामाची वेळ ग्राहक कुठं आहे त्यावर ठरते. सिडनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मोहालीत साडेचार झालेले असतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ्यात तर साडेतीनच. अमेरिकेसाठी काम करणारे पहाटे दोन-तीनला सुटतात. सूर्य, ऋतू, धुंद यांचा इथं काही संबंध नाही. त्या मानानं जवळच्याच कारखान्यातली पाळी बरी. १९७४ पासून इथं स्वराज ट्रॅक्टर बनतात, २००७ मध्ये ती कंपनी मुंबईच्या महिंद्रकडे आली, आणि कारखान्याची पाळी निदान बाहेरच्या जगाला माहीत असते. ती धरून दूधवाला, बस, चहावाला आपापली वेळ बसवतात. एकेकट्या माणसाच्या वेगळ्या वेळेभोवती कुणीच काही बसवत नाही. ‘फ्लेक्सी’ वेळेचं कौतुक करताना हे लक्षात ठेवायला हवं. ज्यांना खरोखर आपली वेळ आपण निवडता येते, त्यांना तिचा फायदा मोठा आहे. ज्यांची दुसरं कुणी निवडतं, त्यांना ते नुसतं नाव.

वेळा विखरून देण्याचा विचार शहरांच्या पातळीवर अधूनमधून डोकं वर काढतो. मध्य रेल्वेनं २०२३ मध्ये मुंबईतल्या अनेक कार्यालयांना पत्रं लिहून वेळा पुढं-मागं करण्याची विनंती केली, गर्दीत माणसं मरू नयेत म्हणून. दिल्लीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषणामुळे महापालिका, केंद्र आणि राज्य सरकार यांच्या कार्यालयांना तीन वेगळ्या वेळा दिल्या. २०२३ च्या उन्हाळ्यात चंदीगडमध्ये हे आपोआप घडलं : पंजाबचे लोक सातला रस्त्यावर आले, हरियाणाचे साडेआठला. रस्त्यांना ते बरंच वाटलं असणार. रस्त्यांना जे बरं ते एकाच घरातल्या तिघांना बरं असेलच असं नाही, इतकंच.

मग घरात करायचं काय? रात्री कणीक मळून ठेवा, भाजी निवडून ठेवा, गणवेशाला इस्त्री करा, दप्तर दाराशी ठेवा, हा सल्ला प्रत्येक मासिकात असतो आणि तो खोटा नाही. पण रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभी असणारी व्यक्ती सकाळी सव्वापाचला उभी असणारीच असेल, तर ही निव्वळ बदली झाली. सकाळचा भार रात्रीच्या खात्यावर. त्यापेक्षा कामं वाटताना ‘मदत’ वाटू नये, एकेकाची निघण्याची वेळ वाटून घ्यावी. मुलाचं साडेसातला बाहेर पडणं हे बापाचं काम, म्हणजे उठवण्यापासून पाण्याच्या बाटलीच्या झाकणापर्यंत सगळं त्याचंच. आईनं त्यात काही विचारायचं नाही आणि त्यानंही ‘निळे मोजे कुठायत’ असं ओरडायचं नाही. पहिले आठ-पंधरा दिवस मूल विजोड मोज्यांत शाळेत जाईल. जाऊ द्यावं. आणि पोळीबद्दल एक. सकाळी सात वाजता ताजी, गरम, फुगलेली पोळीच डब्यात हवी असा ज्याचा हट्ट असेल, त्यानं ती लाटावी. एरवी आठवड्यातून दोन दिवस भात, इडली, धिरडं किंवा आदल्या रात्रीच्या पोळीचा गुंडाळा यांनी कुणाचं काही बिघडत नाही. मोहालीत शेजारच्या घरातून जाणारा पराठाही अनेकदा रात्रीच्या उरलेल्या भाजीचाच असतो, आणि तो खाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

घराच्या दारापलीकडे मात्र घराचं काही चालत नाही, आणि तिथली मागणी सरकारकडे आणि शाळेकडेच करावी लागते. माझी मागणी पंजाबकडून उसनी घेतलेली आहे. शाळेची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबई-पुण्यातली कोणतीही शाळा, चौथीपर्यंतचीच नव्हे, आठच्या आधी भरू नये. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदा करून जुलै २०२२ पासून माध्यमिक शाळांना साडेआठच्या आधी भरायला मनाई केली. आपण तिथवर गेलो नाही तरी चालेल. सिएटल शहरात २०१६ मध्ये शाळेची वेळ सात-पन्नासवरून पावणेनऊवर नेली, तेव्हा मुलं रोज ३४ मिनिटं जास्त झोपू लागली. शाळा उशिरा भरली तर मुलं फक्त जास्त जागतील, ही भीती तिथं खरी ठरली नाही. दोन अधिवेशनांच्या शाळांना जागा कमी पडते, तर त्यावर उपाय खोल्या बांधणं हाच. सहा वर्षांच्या मुलाची झोप हा वर्गखोलीला पर्याय होऊ शकत नाही. आणि जेव्हा कार्यालयांची वेळ बदलेल, तेव्हा त्याच हुकुमात त्याच तारखेपासून शाळेची आणि शहर बसची वेळ बदललेली असावी. तीन खाती, एक कागद.

जूनमध्ये पालक-शिक्षक संघाची पहिली बैठक होईल. शाळा किती वाजता भरते हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं उठून उभं राहा आणि विचारा, की बस पहिल्या थांब्यावर किती वाजता येते. आणि ती वेळ जानेवारीतल्या सूर्योदयाच्या वेळेशेजारी फळ्यावर लिहायला लावा.